सोळाशे मीटरची वाळू

गुहागरच्या किनाऱ्यावर पहाटे धावायचं असेल तर घड्याळाआधी पंचांग बघावं लागतं. तिथीला तिनानं गुणायचं आणि चारानं भागायचं, की भरतीची साधारण वेळ निघते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. त्या दिवशी सकाळी सहाला पाणी पार वर आलेलं असतं आणि पायाखाली उरते ती सुरूच्या बनालगतची भुसभुशीत वाळू. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती अकरा-बाराला येते. त्यामुळे पहाटे ओहोटी असते आणि जवळजवळ सहा किलोमीटरचा किनारा ओला, घट्ट, सपाट पसरलेला मिळतो. पंधरवड्यातले हे चार-सहा दिवस पळणाऱ्यांचे. बाकीच्या दिवसांत कोणी व्याडेश्वराच्या देवळापासून रस्ता धरतं, कोणी शाळेचं मैदान गाठतं, तर कोणी पांघरूण ओढून घेतं.

पळणारी मुलं बहुतेक कॉलेजातली. काही बारावीची, काही एफवाय-एसवायची, तर काही पदवी हातात घेऊन वर्ष-दोन वर्षं घरी असलेली. ‘व्यायाम करतोस का’ असं विचारलं तर त्यांना प्रश्न नीट कळत नाही. ती ‘ग्राउंड’ करतात. रनिंग, शंभर मीटर आणि गोळा हे तीन प्रकार मिळून ग्राउंड. एखाद्याचं ग्राउंड ‘निघतं’, एखाद्याचं ‘टायमिंग बसत नाही’. पोलीस भरतीनं तालुक्यातल्या तरुणांच्या व्यायामाला ही भाषा दिली आणि मापही दिलं. गुहागरात खरे-ढेरे-भोसले महाविद्यालय आहे, वेळणेश्वरला २०१२पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथं शारीरिक शिक्षण आहे, स्पर्धा आहेत, योगदिनही होतो. पण ऐन थंडीत अंधारात उठवून मुलाला वाळूवर आणण्याचं काम यातल्या कशापेक्षाही पोलीस शिपायाच्या जाहिरातीनं जास्त केलं आहे. हे मान्य करूनच पुढं गेलेलं बरं.

ते माप काय आहे हे भरतीच्या वाटेला न गेलेल्या वाचकासाठी सांगायला हवं. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५, ७.२६ किलोच्या गोळ्याचे १५. मुलींना १६००ऐवजी ८०० मीटर आणि चार किलोचा गोळा. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी संपवलं तर पूर्ण वीस गुण. तिथून पुढं सेकंद वाढत जातात तसे गुण घसरत जातात. मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटं ५० सेकंद. मैदानात निम्मे गुण मिळाले नाहीत तर पुढचं दार बंद, आणि मिळाले तरी एका जागेमागं दहा जणांनाच लेखीला बोलावतात. लेखी परीक्षा शंभर गुणांची: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. म्हणजे सकाळी फुप्फुसाची आणि रात्री डोक्याची तयारी एकाच मुलानं करायची. जून २०२४मध्ये जी मैदानी चाचणी सुरू झाली, तिच्यात राज्यभरात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. चाचणीला मुहूर्त लागला १९ जूनचा, ऐन पावसाळ्यातला. कोकणात त्या दिवसांत मैदानाचं काय होतं ते सांगायला नको.

आता पायाखालच्या वाळूचा हिशेब. बेल्जियममधल्या लूवाँ विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८मध्ये वाळूवर चालण्या-धावण्याला किती शक्ती लागते ते मोजलं. कठीण जमिनीच्या तुलनेत त्याच वेगानं वाळूवर धावायला १.६ पट, आणि चालायला तर २.१ ते २.७ पट. पाय रुततो, वाळू सरकते, आपण लावलेला जोर वाळू हलवण्यातच खर्च होतो. आपली मुलं हा निष्कर्ष पोटऱ्यांनी शिकली आहेत. अष्टमीच्या मऊ वाळूवर सात मिनिटं घेणारा मुलगा पौर्णिमेच्या ओल्या वाळूवर सहात येतो आणि त्याला वाटतं, आठवड्यात आपण कुठच्या कुठं पोचलो. रत्नागिरीच्या मैदानावर वळणं असतात, शेजारी अनोळखी मुलं असतात, आणि खाली वाळू नसते. तेव्हा किनाऱ्यावरचं टायमिंग खरं मानू नये. त्यात समुद्राकडं उतरता किनारा. एकाच दिशेनं पळत राहिलं तर एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो आणि घोटा-गुडघा बोलायला लागतो. जाताना जेवढं पळायचं तेवढंच परत येताना पळायचं, हा त्यावरचा साधा उपाय.

मुलगा उठतो कशासाठी, हे भरतीच्या या मापातून समजतं. तो टिकतो कशामुळे, हे समजत नाही. भरतीची जाहिरात निघाली की किनाऱ्यावर गर्दी होते, निकाल लागला की ओसरते. पास झालेला प्रशिक्षणाला जातो, नापास झालेला मुंबईला. पुढच्या जाहिरातीपर्यंत वाळू पर्यटकांची.

प्रेरणेवरच्या संशोधनात या प्रश्नावर दोन प्रयोग समोरासमोर उभे आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही कॉलेजातल्या मुलांवरच झालेले. १९७१मध्ये एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना ठोकळे जुळवण्याची कोडी दिली. एका गटाला मधल्या सत्रात दर सुटलेल्या कोड्यामागं एक डॉलर दिला, पुढच्या सत्रात पैसे बंद केले. मग मोकळ्या वेळात ही मुलं काय करतात ते पाहिलं. पैसे मिळालेली मुलं आता कोड्यांना कमी हात लावू लागली. आधी ज्यात मजा होती ते काम पैशानं मजुरीचं झालं होतं. पुढं डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यावरच आपला सिद्धान्त उभा केला: माणूस मनापासून काही करतो ते स्वतः निवडलेलं असलं, जमतंय असं वाटलं आणि सोबतीला कोणी असलं म्हणजे.

दुसरा प्रयोग उरी ग्नीझी आणि गॅरी चार्नेस या अर्थशास्त्रज्ञांचा, २००९मध्ये प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला व्यायामशाळेत एकदा जाण्याचे २५ डॉलर दिले. दुसऱ्या गटाला शिवाय चार आठवड्यांत किमान आठ वेळा गेल्यास आणखी १०० डॉलर. डेसीचं खरं असेल तर पैसे थांबल्यावर या मुलांनी पाठ फिरवायला हवी होती. झालं उलट. आठ वेळा गेलेला गट पैसे थांबल्यावरही जास्त येत राहिला. फरक पडला तो मुख्यतः आधी न जाणाऱ्यांत; आधीपासून नियमित जाणाऱ्यांना पैशानं काही दिलं नाही. मात्र संशोधकांनी नंतर पाहिलं ते काही आठवडेच, हे ध्यानात ठेवावं.

गुहागरात दोन्ही प्रयोग एकाच वाळूवर चालू आहेत असं मला वाटतं. घरातून कधी शंभर पावलं न पळालेला मुलगा वीस गुणांच्या ओढीनं येतो, पहिले पंधरा दिवस ओकाऱ्या काढतो आणि तिसऱ्या महिन्यात त्याला पळणं आवडायला लागतं. हा ग्नीझी-चार्नेसचा मुलगा. दुसरा, शाळेपासून कबड्डी खेळणारा. रात्रीच्या सामन्यांना गावोगाव जाणारा, मंडळाच्या जर्सीवर नाव असलेला. भरतीचं वर्ष आलं की घरची आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतली माणसं सांगतात, गुडघा सांभाळ, कबड्डी बंद. तो आज्ञाधारकपणे खेळ सोडून सोळाशे मीटर मोजू लागतो. भरती हुकली तर त्याच्याकडं दोन्ही राहत नाही. हा डेसीचा. या दुसऱ्या मुलाची हानी कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही आणि तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही.

सोबतीचा मुद्दा मात्र इथं जास्त खोल आहे. कोकण किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यानं पाहिलं आहे त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन रांगांनी ओढायचं. तासन्‌तास. आता मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याची गोष्ट ऐका. त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना एकट्यानं आणि गटानं दोर ओढायला लावून जोर मोजला. आकडे प्रसिद्ध झाले १९१३मध्ये. दोघं मिळून ओढतात तेव्हा जोर दुप्पट होत नाही, थोडा कमी भरतो. तिघांत आणखी कमी. आठ जणांत तर प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या एकट्याच्या जोराच्या निम्माच येतो. काही जोर ओढण्याचा मेळ न बसल्यानं वाया जातो हे खरं. पण १९७४मध्ये अमेरिकेत अॅलन इंगहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून लोकांना दोर ओढायला लावला, मागं माणसं आहेत असं भासवलं, प्रत्यक्षात कोणीच ओढत नव्हतं. तरी जोर घटला. म्हणजे उरलेली घट मनातली. आपला जोर वेगळा दिसणार नाही असं वाटलं की माणूस हात सैल सोडतो.

रापणीनं या दुखण्यावर इलाज कधीच काढून ठेवला आहे. ओढताना एक जण हाक देतो, बाकीचे ओ देतात, त्यामुळे मेळ राहतो. मासळी वाट्यांनी विभागली जाते. आणि रांगेतला प्रत्येक जण शेजाऱ्याला, घरच्यांना, बाजूला उभ्या मुलांनासुद्धा नावानं माहीत असतो. सैल सोडलेला हात तिथं लपत नाही. कॉलेजातल्या सामूहिक कवायतीत, योगदिनाला मैदानावर बसवलेल्या चारशे मुलांत तो आरामात लपतो. पाचव्या ओळीतला मुलगा हात अर्धे वर करतो आणि फोटोत मात्र तोही येतो.

उलटा अनुभवही मोजला गेला आहे. ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात बर्लिनमधल्या नौकानयन क्लबाच्या सदस्यांना एकेकट्यानं आणि जोडीनं वजन उचलत राहायला लावलं. जोडीत असं होतं की एकानं हात टेकले की दोघांचंही थांबणार. दुबळा भिडू एकट्यानं जेवढा वेळ तगला असता त्याहून जास्त वेळ तगला, कारण आपल्यामुळं दुसऱ्याचं थांबायला नको. हा परिणाम सर्वांत जास्त दिसला तो दोघांच्या ताकदीत मध्यम फरक होता तेव्हा. फार फरक असला तर दुबळा आधीच हार मानतो, अगदी बरोबरीचे असले तर ओढच राहत नाही.

किनाऱ्यावर पंचवीस जणांचा घोळका एकत्र सुटतो तेव्हा हे सरळ दिसतं. पहिले पाच जण दिसेनासे होतात, मागचे सहा-सात चालायला लागतात. चौथ्या दिवसापासून ते मागचे येत नाहीत, आणि सगळे म्हणतात, त्यांच्यात जिद्द नव्हती. जिद्द बहुधा होती, जोडीदार चुकीचा होता. सहा मिनिटंवाल्यानं साडेपाचवाल्याच्या मागं लागावं. पाच मिनिटंवाल्याच्या नव्हे. यात खर्च काहीच नाही, फक्त कोणी तरी वहीत प्रत्येकाचं टायमिंग लिहून ठेवायला हवं. मुलं मोबाइलवर स्वतःचं लिहितात, एकमेकांचं लिहीत नाहीत.

आता पालकांचा प्रश्न. व्यायाम ठीक आहे हो, पण अभ्यासाचं काय? रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाला एक थोर उदाहरण तयार आहे आणि ते वक्तृत्व स्पर्धांमधून इतकं गुळगुळीत झालं आहे की त्याची अडचणीची बाजू कोणी सांगत नाही. बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६चा, रत्नागिरीतला. मूळ गाव चिखलगाव, दापोली तालुक्यात. गुहागरच्या धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळ गाठलं की आपण त्याच तालुक्यात असतो. डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृती अगदी किरकोळ होती. पहिलं वर्ष त्यांनी कुस्ती, पोहणं, नाव वल्हवणं आणि खाणं यांत घालवलं. त्या वर्षी परीक्षेत ते नापास झाले. पुढं गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले, १८७९मध्ये एलएल. बी. झाले, आणि १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात काढून, मधुमेह असतानाही, ग्रंथ लिहून परत आले. भाषणात नापासाचं वर्ष एका वाक्यात येतं, कारण पुढचं सगळं ठाऊक असतं. पण आज एफवायला असलेल्या मुलानं घरी जाऊन ‘हे वर्ष मी शरीर कमवण्यात घालवतो’ म्हटलं तर काय होईल? टिळकांनी मोजलेली किंमत खरी होती. ती मोजण्याची ऐपत, वेळ आणि घरचा आधार प्रत्येकाकडं नसतो.

पण एवढी किंमत मोजावीच लागते का? १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या बारा लाखांहून अधिक स्वीडिश तरुणांची सक्तीच्या लष्करी भरतीच्या वेळी तपासणी झाली होती. त्या नोंदींचा अभ्यास मारिया ओबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केला. अठराव्या वर्षी ज्यांची हृदय-फुप्फुसाची क्षमता चांगली होती त्यांचे बुद्धिमत्ता चाचणीतले गुणही चांगले होते. स्नायूंच्या ताकदीशी मात्र हा संबंध जवळजवळ दिसला नाही. आणि पंधरा ते अठरा या वर्षांत ज्यांचा दम वाढला ते अठराव्या वर्षी चाचणीतही वर होते. यातून धावल्यामुळेच डोकं चालतं असं सिद्ध होत नाही, पण धावल्यानं अभ्यास बुडतो या समजुतीला मोठा धक्का बसतो. गुहागरातल्या जिमच्या आरशासमोर दंड फुगवणाऱ्या मुलांनी यातलं स्नायूंच्या ताकदीचं वाक्य पुन्हा वाचावं.

ज्यांना भरतीचं गाजर दाखवताच येत नाही त्यांचं काय? पोलीस शिपायासाठी मुलाची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते, मुलीची १५५. मुलाची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटरनं वाढायला हवी. १६२ सेंटिमीटरच्या मुलाला कितीही पळता येवो, मोजपट्टीपाशीच तो बाद. त्यामुळे तो पळत नाही. ‘मला काय करायचंय’ हे उत्तर त्याच्यापुरतं अगदी बरोबर आहे, कारण व्यायाम म्हणजे भरती हे समीकरण आपणच त्याला शिकवलं.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अभ्यास २०२४मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. त्यानुसार भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही. पुरुषांत ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. पुरेशी म्हणजे आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम, फार काही नाही. आमच्याकडच्या कुणबी घरातल्या मुलीला हा आकडा सांगितला तर ती हसेल. पाणी, लावणी, भारे, काजू गोळा करणं, शिमग्यात पाव्हण्यारावळ्यांची उस्तवार. तिच्या आईच्या पिढीला व्यायाम कमी पडला नसेल. पण जी मुलगी आज एसटीनं कॉलेजला जाते, मोबाइलवर नोट्स वाचते आणि घरी नळाचं पाणी भरते, तिचे कष्ट गेले आणि त्यांच्या जागी काही आलं नाही. भाऊ पहाटे पाचला एकटा किनाऱ्यावर जातो. ती जाऊ शकत नाही. सोबत आई लागते किंवा तीन मैत्रिणी, आणि उजाडायला लागतं. उजाडेपर्यंत ओहोटी निघून गेलेली असते किंवा पर्यटकांच्या गाड्या वाळूवर उतरलेल्या असतात. तरीही पोलीस भरतीतल्या महिलांच्या तीस टक्के आरक्षणामुळं काही मुली येतात, ट्रॅकपँटवर ओढणी घेऊन येतात आणि वाळूवर पोचल्या की ती कंबरेला बांधतात. मला विचाराल तर तालुक्यातला सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत मोठा बदल हा आहे.

संध्याकाळचं मैदान त्यांना सोयीचं पडलं असतं, पण तिथं एसटी आडवी येते. कॉलेज सुटल्यावर वाडीकडं जाणारी एखादीच गाडी, आणि ती चुकली की रात्रीची वस्तीची. कबड्डी-खोखोच्या सरावाला थांबणारी मुलं ती असतात ज्यांचं घर गुहागरात किंवा शृंगारतळीला आहे, किंवा ज्यांच्याकडं दुचाकी आहे. हेदवी-तवसाळकडच्या मुलीचा खेळ बसच्या वेळापत्रकात संपतो. खेळाडू निवडताना गुणवत्ता बघतात असं आपण मानतो. बहुतेकदा आधी पत्ता बघितला जातो.

विद्यापीठाकडं यावर जे उपाय आहेत ते गुणांचे. खेळ, एनएसएस, एनसीसीतल्या सहभागाबद्दल मुंबई विद्यापीठात दहा गुणांची सवलत आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडा आणि योगाला श्रेयांक आले. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. सगळं चांगलं, आणि सगळं प्रमाणपत्रापाशी संपणारं. फिलिपा लॅली हिनं लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत अंदाज गेला २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. एका सत्रात जेमतेम नव्वद दिवस कॉलेज भरतं, त्यात गणपती, परीक्षा आणि जिल्हाभर रेड अलर्टच्या सुट्ट्या. सवय लागायच्या आत सत्र संपतं.

आणि ज्यांचं सगळं जमलं, उंची, टायमिंग, लेखी, त्यांचं पुढं काय होतं? प्रशिक्षणाचे महिने कडक जातात. मग ठाणं, बंदोबस्त, बारा-बारा तासांची ड्युटी, रात्री-अपरात्री वडापाव. पाच मिनिटं दहा सेकंदांत सोळाशे मीटर कापलेला मुलगा पस्तिशीत पट्ट्याला नवं भोक पाडून घेतो. खात्याला हे ठाऊक आहे. म्हणून तिशी ओलांडलेल्या पोलिसानं उंचीच्या मानानं वजन मर्यादेत ठेवलं तर त्याला महिन्याला २५० रुपये तंदुरुस्ती भत्ता मिळतो. वर्षाचे झाले तीन हजार. धावायच्या बुटांची एक बरी जोडी त्यात येते.